हॉर्न स्पीकरला ट्यूबचा अॅम्प घ्यायचा की सॉलिड स्टेटचा? पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

रात्री अकरा वाजून गेले की पंखा बंद करा, अॅम्प (अॅम्प्लिफायर) चालू करा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि हॉर्नच्या तोंडापासून फूटभरावर कान न्या. गाणं लावायचं नाही. जे काही ऐकू येईल, सूंऽऽ असो की घूंऽऽ, ते नीट ऐका, कारण हॉर्नवाल्याने अॅम्प घेताना सगळ्यात आधी तेच बघायचं असतं, वॉट त्याच्यानंतर आणि ट्यूब (काचेची व्हॅक्यूम ट्यूब) की ट्रान्झिस्टर (म्हणजेच सॉलिड स्टेट) हा वाद त्याच्याही नंतर. मी हे सगळं उलट्या क्रमाने केलं, त्यात दोन वर्षं आणि बरेच पैसे गेले, आणि आता ओळखीतलं कोणी हॉर्न घेतंय म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो की ट्यूब घेऊ का, म्हणून एकदाच बसून लिहून काढतोय.

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली थ्री-वे जोडी आहे, मधला आणि वरचा आवाज हॉर्नमधून, खालच्या सुरांना साधा १२ इंची वूफर, कागदावर सेन्सिटिव्हिटी (१ वॉट दिला की १ मीटरवर किती मोठा आवाज येतो तो आकडा) ९९ डीबी, म्हणजे डेसिबल. पुण्यातला फ्लॅट, बसायची जागा स्पीकरपासून साधारण १० फुटांवर. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन, तबला सोलो, जुनी मोनो रेकॉर्डिंग्ज. पुढचं सगळं या खोलीतून आलंय, तुमची खोली आणि गाणं वेगळं असेल तर आकडे बदला, पद्धत तीच राहील.

आधी हॉर्न म्हणजे काय ते समजून घ्या

जुन्या ग्रामोफोनला कर्णा असायचा, आठवतो का? विजेची वायर नाही, अॅम्प नाही, सुई हलली की एक छोटीशी चकती हलायची आणि तेवढ्यावर अख्खा दिवाणखाना भरायचा. कर्ण्यात जादू काही नाही. छोटी चकती मोकळ्या हवेला नीट ढकलू शकत नाही, हवा तिच्यासमोरून नुसती निसटते, कर्णा ती हवा अरुंद गळ्यात पकडतो आणि हळूहळू रुंद होत बाहेर सोडतो, सायकलच्या गिअरसारखं काम. साधा कोनवाला स्पीकर विजेतला जेमतेम १ टक्का भाग आवाजात बदलतो, कधी त्याहूनही कमी, बाकीची सगळी उष्णता. चांगला हॉर्न त्याच्या दहा-वीस पट काम काढतो.

म्हणूनच १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले तेव्हा थेटरांत हॉर्नच लागले. त्या काळी अॅम्पमधून निघायचे मोजके वॉट आणि समोर हजार-दीड हजार खुर्च्या, दुसरा इलाजच नव्हता. ट्यूब आणि हॉर्न ही जोडी अशी गरजेतून जमली. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सास राज्यातल्या होप नावाच्या छोट्या गावात खोलीच्या कोपऱ्यात बसणारा क्लिप्शहॉर्न विकायला सुरुवात केली तेव्हाही घरातले अॅम्प तसेच छोटे होते. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॉट स्वस्त झाले, स्पीकर छोटे आणि आळशी झाले तरी चालायला लागलं, आणि हॉर्न घरातून बाहेर पडला. जपानमधल्या आणि फ्रान्समधल्या काही लोकांनी ती जुनी जोडी सोडली नाही, १९७० च्या दशकात त्यांनीच तिला परत उजेडात आणलं, आज जे सिंगल एंडेड ट्यूबचं (एकच पॉवर ट्यूब सगळं काम करते तो प्रकार) वेड दिसतं त्याचं मूळ बरंचसं तिथलं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. मांडवावर लागतो तो भोंगाही हॉर्नच, पण तो वेगळ्या कामाचा आहे, त्यातून खालचे सूर येतच नाहीत आणि बऱ्याच भोंग्यांना आत १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असतो. तो घरच्या अॅम्पला जोडून ऐकू नका आणि त्यावरून हॉर्नबद्दल मतही बनवू नका.

पायरी १: तुमच्या स्पीकरचे दोन आकडे शोधा

पहिला सेन्सिटिव्हिटी, दुसरा इम्पीडन्स. क्लिप्शच्या अलीकडच्या मॉडेलांमध्ये हेरेसी ९९ डीबी, कॉर्नवॉल १०२, ला स्काला आणि क्लिप्शहॉर्न १०५ असे कंपनीचे आकडे आहेत. हे आकडे भिंती, कोपरे यांची मदत धरून दिलेले असतात, मोकळ्यात मोजलं तर कमी येतात, म्हणून हिशोब करताना मी सरळ ३ डीबी वजा करतो. यातल्या हेरेसी आणि कॉर्नवॉलमध्ये वूफर साधाच आहे, ला स्काला आणि क्लिप्शहॉर्नमध्ये खालचा आवाजही हॉर्नमधून येतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे डग्ग्याच्या वेळी कामाला येणार आहे.

इम्पीडन्स म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो तो आकडा, ते ८ ओहम लिहिलेलं असतं ते, पण स्पीकर सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो, कुठे ४-५ ला येतो कुठे ३० ला जातो. अल्टेक या अमेरिकन कंपनीच्या जुन्या युनिटांवर १६ ओहमही दिसेल. ते बघून ठेवा, ट्यूब अॅम्पच्या मागे ४, ८, १६ असे वेगवेगळे टॅप (स्पीकर जोडायच्या जागा) असतात, कुठल्यावर लावायचं ते यावरून ठरतं.

पायरी २: वॉटचा हिशोब कागदावर करा

गणित एवढंच आहे की पॉवर दुप्पट केली की ३ डीबी वाढतात आणि दहापट केली की १०. माझं उदाहरण घ्या. ९९ मधून ३ गेले, राहिले ९६, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर ९६ डीबी. मी बसतो ३ मीटरवर, तिथवर आवाज घटतो पण खोलीच्या भिंती थोडा परत देतात आणि स्पीकर दोन आहेत, सगळं मिळून ५ डीबी धरा. खुर्चीवर १ वॉटला ९१ डीबी. मी ऐकतो साधारण ७५ डीबीला, शेजारी झोपलेले असतात तेव्हा त्याहून कमी. ९१ आणि ७५ मधला फरक १६ डीबी, म्हणजे चाळीस पट कमी, म्हणजे ०.०२५ वॉट. पंचवीस मिलिवॉट! तबल्याची जोरदार थाप किंवा तिहाईचा शेवट सरासरीपेक्षा २० डीबीने वर गेला तरी अडीच वॉट पुरतात. हेच कागदावर ८७ डीबीच्या बुकशेल्फ स्पीकरला त्याच थापेसाठी १६ पट, म्हणजे ४० वॉट लागले असते.

हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा खरंच थोडा वेळ नुसता बसून राहिलो, कारण तोवर मी १०० वॉटचा रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प एकाच डब्यात) घेऊन बसलो होतो. दुकानदाराने हॉर्न म्हटल्यावर मोठे स्पीकर आहेत तर मोठा अॅम्पच पाहिजे असं सांगितलं होतं आणि मला ते पटलं होतं.

तर ९७-१०० डीबीच्या स्पीकरला ८-१० वॉट भरपूर, १०४-१०५ वाल्याला ३ वॉटसुद्धा चालतात. खोली मोठी असेल, ऑर्केस्ट्रा किंवा रॉक जोरात ऐकायचं असेल तर तिप्पट-चौपट धरा, तरी ४० च्या वर जायची गरज घरात तरी येत नाही.

पायरी ३: शांतता तपासा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

हॉर्न जसा गाणं मोठं करतो तसाच अॅम्पचा कचराही मोठा करतो. साध्या स्पीकरवर जो अॅम्प एकदम शांत वाटतो तोच हॉर्नवर सूंऽऽ करत राहतो. आलाप सुरू व्हायच्या आधी नुसता तानपुरा चालू असतो ना, त्या तारांच्या मागे ही सू येत राहिली की जवारीतली सगळी नक्षी बुजते, आणि एकदा लक्षात आली की ती कानातून जात नाही.

समजा अॅम्पच्या आउटपुटला गाणं नसताना १ मिलिव्होल्ट कचरा आहे. ९९ डीबीच्या स्पीकरवर तो १ मीटरला ३० डीबी आवाज करतो, रात्रीच्या शांत खोलीइतका, म्हणजे ऐकू येणार. १०५ वाल्यावर ३६, मग खुर्चीपर्यंतही येणार. तोच कचरा ०.१ मिलिव्होल्ट असेल तर आकडा २० डीबीने खाली येतो आणि विषय संपतो. माझा नियम असा: ०.२ पर्यंत उत्तम, ०.५ पर्यंत चालेल, १ च्या वर असेल तर अॅम्प कितीही देखणा असला तरी हॉर्नसाठी नको.

आता ब्रोशरमधल्या सिग्नल टू नॉइजच्या, म्हणजे गाणं आणि कचरा यांतल्या फरकाच्या, आकड्याबद्दल. तो पूर्ण पॉवरच्या तुलनेत दिलेला असतो, त्यामुळे फसायला होतं. १०० वॉटच्या अॅम्पवर १०० डीबी लिहिलंय आणि १० वॉटच्या अॅम्पवर ९५, तर आपल्याला पहिला शांत वाटतो, पण हिशोब केला तर पहिल्याचा कचरा ०.२८ मिलिव्होल्ट येतो आणि दुसऱ्याचा ०.१६. म्हणून विचारताना १ वॉटला किती ते विचारा किंवा सरळ मिलिव्होल्टमध्ये विचारा. त्या आकड्यापुढे ए-वेटेड लिहिलं असेल तर अजून सावध राहा, त्या मोजणीत खालची घूं जवळजवळ धरलीच जात नाही.

ऐकताना कुठून काय येतंय ते वेगळं करा. वूफरमधून घूं येत असेल तर ती लाइटच्या मेनमधली ५० किंवा १०० हर्ट्झची, हॉर्नमधून सू येत असेल तर अॅम्पच्या आतल्या गेनची (अॅम्प सिग्नल किती पट वाढवतो ते), आणि हॉर्नमधून झर्र अशी बारीक खरखर येत असेल तर पॉवर सप्लाय किंवा घरातला डिमर, एलईडीचा ड्रायव्हर असं काहीतरी. मग इनपुटच्या सगळ्या पिना काढून परत ऐका. घूं गेली तर अॅम्प निर्दोष आहे, बहुधा ग्राउंड लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थच्या वायरींचं वेटोळं) आहे, वायरिंगकडे बघा. राहिली तर अॅम्पचीच. २ए३, ३००बी अशा ट्यूबमध्ये फिलामेंटच (आतली तापणारी तार) कॅथोडचं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडायचं, काम करतं, त्यामुळे ते एसीवर तापवलं असेल तर थोडी घूं राहतेच, त्यासाठी हम पॉट (एक छोटी घुंडी) दिलेला असतो, तो फिरवून घूं सगळ्यात कमी होते तिथे सोडायचा.

आणि हे कळकळीने सांगतो. मला एका वायरमनने घूं घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाका म्हणून सांगितलं होतं. घूं जाते, खरंय. पण ट्यूब अॅम्पच्या आत ३००-४०० व्होल्ट डीसी असतात, बाहेर लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची चासी, आणि ती चासी आपण रोज हाताने पुसतो. आत काही सुटलं आणि अर्थ नसेल तर ते व्होल्ट तुमच्या हातात. जुन्या घरात अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या, ट्यूब अॅम्प मग आणा.

या पायरीवर सॉलिड स्टेट सहसा जिंकतो पण नेहमी नाही. चांगला बनवलेला ट्यूब अॅम्प हॉर्नवर शांत असतो, आणि बाजारातले स्वस्त क्लास डीचे (हाही सॉलिड स्टेटचाच प्रकार) छोटे डबे, गेन वाढवून ठेवलेले, हॉर्नवर इतके सू करतात की कान जवळ न्यायचीही गरज पडत नाही.

पायरी ४: गेन कमी करा

माझ्या १०० वॉटच्या रिसीव्हरवर व्हॉल्यूमची घुंडी सातपासून आठपर्यंतच फिरायची, घड्याळातले सात-आठ म्हणतोय, त्यापुढे गेलं की घर हलायचं. एवढ्या खालच्या टोकाला व्हॉल्यूमच्या पॉटचे दोन चॅनल सारखे चालत नाहीत, त्यामुळे हळू आवाजात गायिका डावीकडे सरकायची आणि जरा वाढवला की परत मध्ये यायची. मी आठवडाभर स्पीकर हलवत बसलो होतो, दोष स्पीकरचा नव्हताच.

उपाय अगदी किरकोळ निघाला. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून १० किलोओहम आणि ४.७ किलोओहमचे मेटल फिल्म रेझिस्टर आणले, दर चॅनलला १० किलोचा सिग्नलच्या वाटेत, ४.७ चा त्याच्यापुढे सिग्नल ते ग्राउंड, आरसीए प्लगच्या आतच सोल्डर केले. १० डीबी कमी. घुंडी दहावर आली आणि गायिका मध्ये उभी राहिली. २० डीबी पाहिजे असेल तर ४.७ च्या जागी १ किलो लावा. सोल्डरिंग येत नसेल तर तयार अॅटेन्युएटर मिळतात. फक्त एक समजून घ्या, हा तुकडा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारा डबा) आणि प्रीअॅम्पकडून (पॉवर अॅम्पच्या आधीचा डबा) येणारी सू कमी करतो, पॉवर अॅम्पची स्वतःची सू यानं तसूभर कमी होत नाही, तिच्यासाठी शांत अॅम्पच लागतो. आणि डॅकमध्ये व्हॉल्यूम असेल तर वेगळा प्रीअॅम्प घेऊच नका, हॉर्नला त्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

पायरी ५: ट्यूबचा 'गोडवा' कुठून येतो ते घरी तपासा

ट्यूबचा आवाज गोड, ट्रान्झिस्टरचा कोरडा असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. एका मित्राने त्याचा ३००बीचा अॅम्प आठवडाभर माझ्याकडे ठेवला, ८ वॉटचा, आणि पहिल्या संध्याकाळी मला वाटलं की संपलं, आता हेच. आवाजाभोवती हवा, डग्ग्याचा घुमारा दुप्पट, सगळं मोठं. चौथ्या दिवशी तबला सोलो लावला आणि काहीतरी खटकलं. डग्ग्यावरची मींड जिथे थांबायला पाहिजे तिथे थांबत नव्हती, मागे एक शेपूट राहत होतं, आणि वादक कोणीही असो, डग्गा एकाच घरातला वाटत होता.

कारण आउटपुट इम्पीडन्स. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत देऊन चूक सुधारायची सोय) नसलेल्या सिंगल एंडेड ट्यूब अॅम्पचा तो २-३ ओहम असतो, सॉलिड स्टेटचा सहसा ०.१ च्याही खाली. स्पीकर कुठे ५ ओहम कुठे ३० ओहम असेल तर २ ओहमच्या अॅम्पवर त्या दोन जागांच्या आवाजात जवळपास अडीच डीबीचा फरक पडतो, म्हणजे अॅम्प आपणहून टोन कंट्रोल फिरवतो. शिवाय साध्या वूफरला आवरायला अॅम्पची पकड लागते, ती सैल पडते. पूर्ण हॉर्नच्या स्पीकरमध्ये वूफरवर हॉर्नमधल्या हवेचाच दाब असतो म्हणून तिथे हे कमी जाणवतं, माझ्यासारख्या अर्ध्या हॉर्नवाल्या स्पीकरमध्ये चांगलंच जाणवतं.

हे पैसे न घालवता ऐकता येतं. २ ओहम १० वॉटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर घ्या, सॉलिड स्टेट अॅम्पच्या प्लसच्या वायरमध्ये दर स्पीकरला एक असे मध्ये टाका, आवाज साधारण २ डीबी कमी होईल तो व्हॉल्यूमने भरून काढा, आणि ऐका. मी केलं तेव्हा मित्राच्या ३००बीमधला निम्मा तरी गोडवा त्या दोन रेझिस्टरांतून आला. निम्मा म्हणतोय, सगळा नाही. उरलेला निम्मा ट्यूबचा आहे, माणसाच्या आवाजात तो ऐकू येतो आणि मला तो आवडतो. पण ज्याला रेझिस्टरवालाच आवाज आवडला त्याने लाखभर रुपये कशाला घालायचे?

ट्यूब अॅम्पवर ही पकड घट्ट करायची असेल तर ८ ओहमच्या स्पीकरला ४ च्या टॅपवर लावून बघा. आउटपुट इम्पीडन्स जवळजवळ निम्म्यावर येतो, पॉवर थोडी घटते, पण पॉवर आपल्याकडे उरूनच चाललीय. याने काही बिघडत नाही, ट्यूबवर ऐकतो तेव्हा मीही तसंच ऐकतो.

पायरी ६: आता प्रकार निवडा

सॉलिड स्टेटमध्ये क्लास एबी म्हणजे नेहमीचा. यात दोन ट्रान्झिस्टर आलटून पालटून काम करतात, आणि बायस (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला थोडा करंट) नीट नसेल तर हात बदलताना बारीकशी ठेच लागते. मोठ्या आवाजात ती लपते, पण आपण ऐकतोय पंचवीस मिलिवॉटवर, तिथे ती उघडी पडते आणि लोक त्यालाच ट्रान्झिस्टरचा कोरडेपणा म्हणतात. आताच्या चांगल्या अॅम्पमध्ये हा दोष नसतो. क्लास ए मध्ये ही अदलाबदलच नाही. नेल्सन पास हे अमेरिकन डिझायनर आहेत, त्यांनी मोठमोठे अॅम्प बनवून झाल्यावर छोट्या वॉटच्या अॅम्पसाठी वेगळी कंपनी काढली आणि तिचं नावच फर्स्ट वॉट ठेवलं, पहिला वॉट. हॉर्नवाल्याने हे नाव भिंतीवर लिहून ठेवावं.

ट्यूबमध्ये ४५ म्हणजे जेमतेम २ वॉट, २ए३ साडेतीन, ३००बी आठ. ३००बी ही वेस्टर्न इलेक्ट्रिकची १९३८ ची ट्यूब, आज अनेक देशांत बनते. या तिन्ही सिंगल एंडेड वापरल्या तर सगळा खेळ आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर असतो. स्वस्त अॅम्पमध्ये ट्यूब दिसायला तीच असते पण ट्रान्सफॉर्मर लहान, मग खालचे सूर गळतात. घेताना अॅम्प उचलून बघा. हलका लागला तर ठेवून द्या.

माझं मन जिथे बसलं ती ईएल८४ पुश-पुल, म्हणजे दोन ट्यूबा जोडीने काम करतात तो प्रकार. १२-१५ वॉट, थोडा फीडबॅक, त्यामुळे डग्गा आवरलेला आणि आवाजात ट्यूबची ऊब. जुन्या रेडिओत हीच ट्यूब असायची, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या जुन्या बाजारात अजून सापडतात, नवीनही सहज मिळतात आणि ३००बीच्या मानाने फार स्वस्त. नवख्याने कॅथोड बायसवाला अॅम्प बघावा, ट्यूब बदलली की काही जुळवत बसावं लागत नाही.

पायरी ७: घर, वीज, ऊन

हे कोणी सांगत नाही. ३००बीचा स्टिरिओ अॅम्प १६ वॉट आवाजासाठी दीडशेच्या आसपास वॉट वीज खातो आणि सगळी खोलीत उष्णता म्हणून सोडतो. रोज ३ तास म्हटलं तर महिन्याला साडेतेरा युनिट, बिल फार नाही, पण एप्रिल-मे मध्ये पंखा बंद करून ऐकणं अशक्य होतं आणि पंखा लावला की ज्या शांततेसाठी एवढं केलं ती जाते. क्लास ए सॉलिड स्टेटही तितकाच तापतो. उन्हाळ्यात मी साधा क्लास एबी लावतो.

व्होल्टेज मोजा. संध्याकाळी आमच्याकडे कधीकधी २५० असतं. अॅम्प २२० वर बनवलेला असेल तर ट्यूबमधले ६.३ व्होल्टचे हीटर तेव्हा ७.१६ वर जळत असतात, १३ टक्क्यांहून जास्त, आणि ट्यूबचं आयुष्य भराभर संपतं. २३० किंवा २४० चा टॅप आहे का विचारा, नसेल तर चांगला स्टॅबिलायझर लावा. ट्यूबा संपतात, पॉवर ट्यूब काही हजार तास धरा, म्हणजे रोज तीन तासांनी दोन-चार वर्षं, तेवढे पैसे बाजूला ठेवूनच घ्या. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जाळी असलेलाच घ्या, ट्यूबची काच हात भाजेल इतकी तापते.

सॉलिड स्टेट, त्यातही जुना, घेतला तर स्पीकर जोडायच्या आधी आउटपुटवर मल्टिमीटर लावून डीसी बघा. ५० मिलिव्होल्टच्या खाली असेल तर बिनधास्त. व्होल्टात आकडा आला तर त्याला स्पीकर दाखवूसुद्धा नका. आणि वरच्या हॉर्नला वेगळा ट्यूब अॅम्प, वूफरला सॉलिड स्टेट असं बाय-अॅम्पिंग खूप छान लागतं, पण ते वर्षभराने करा, आणि कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या मागे बसणारं आवाज काढणारं युनिट) थेट अॅम्पला जोडाल तेव्हा त्याच्या वाटेत संरक्षणाला कपॅसिटर टाकायला विसरू नका, एका धाडकन आलेल्या आवाजाने डायफ्राम (आतली पातळ चकती) जातो आणि जुन्या युनिटचा डायफ्राम मिळता मिळत नाही.

पायरी ८: ऐकून ठरवताना

अॅम्प स्वतःच्या स्पीकरवर, स्वतःच्या खोलीतच ऐका, दुकानात नाही. दोन अॅम्प तुलनेला असतील तर आधी आवाज सारखा करा, ४०० हर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलला एसी व्होल्ट दोघांचे सारखे आणा, नाहीतर जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, हे प्रत्येकाचं होतं. पहिल्या दिवशी ठरवू नका. मी तीन गोष्टी ऐकतो, एकट्या तानपुऱ्यावर सुरू होणारा विलंबित ख्याल, तबला सोलो, आणि एखादं जुनं रेडिओवरचं मोनो गाणं, जे दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये एका बिंदूतून यायला पाहिजे. किशोरीताईंचा षड्ज लागतो त्या क्षणी तानपुरा त्यात विरघळतो की मागे वेगळा उरतो, एवढं एक ऐकलं तरी मला अॅम्प कळतो. सगळं हळू आवाजात.

मला सरळ विचाराल तर पहिला अॅम्प शांत, कमी गेनचा, २०-४० वॉटचा सॉलिड स्टेटच घ्या. त्यावर तुमचा स्पीकर खरा कसा आहे ते सहा महिने ऐका, २ ओहमचा प्रयोग करा. मग ओढ राहिलीच तर ईएल८४ पुश-पुल. २ए३, ३००बी ला स्कालासारखा पूर्ण हॉर्न असेल तर जरूर, त्या जोडीत जे ऐकलंय ते मी विसरू शकत नाही.

आणि घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी: ट्यूब अॅम्पला स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, कधीच, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. खालचं झाकण उघडायचं नाही, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये व्होल्ट राहतात. चालू करताना आधी डॅक, मग अॅम्प, बंद करताना आधी अॅम्प, मग डॅक. स्पीकरच्या वायरी बदलायच्या असतील तर अॅम्प बंद करून, ट्यूबा गार होऊ द्या, चहा करून या, मग हात लावा.